पाच हजारांचं चलान आणि कलम 181

लायसन्स नसणं आणि लायसन्स जवळ नसणं, या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या धरल्या आहेत. लायसन्सच नसेल तर मोटार वाहन अधिनियम, 1988 चं कलम 3 मोडलं जातं आणि त्याला शिक्षेचं कलम 181 लागतं. त्यात 5,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लायसन्स आहे पण मागितल्यावर दाखवता आलं नाही, तर कलम 130 आणि 177. तिथे पहिल्या वेळचा दंड 500 रुपयांपर्यंतच. हा फरक ज्याला माहीत नाही तो चौकात उभा राहून पाच हजारांच्या धाकाने निम्म्यावर तोडपाणी करतो, आणि वर सुटलो म्हणून देवाचे आभार मानतो. माझ्या ओळखीत असे कितीतरी आहेत. माझ्यावर ती वेळ 2023 च्या पावसाळ्यात आली. पुढे जे केलं ते सविस्तर लिहितेय, कारण कुठल्या टेबलावर काय होतं हे मला तेव्हा कोणीच सांगितलं नव्हतं.

मी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी साडेसहाला सुरुवात, उपाशीपोटी साखर तपासणारे पेशंट आधी. डिकीत बर्फाच्या पिशव्यांचा डबा, त्यात राखाडी, जांभळ्या, लाल टोपणांच्या नळ्या. हे काम घड्याळावर चालतं. लाल टोपणाच्या नळीतलं रक्त गोठलं की त्यातून सीरम वेळेत वेगळं काढावं लागतं. उशीर झाला तर पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो आणि चांगल्या माणसाचा रिपोर्ट घाबरवणारा येतो.

त्या दिवशी शेवटचं घर उरकून लॅबकडे निघाले होते. हेल्मेट डोक्यावर, सिग्नल हिरवा. चौकापलीकडे नाकाबंदी होती. शिट्टी वाजली, हात आडवा आला, मी गाडी कडेला घेतली. हवालदारांनी पहिलं काम काय केलं, तर हात पुढे करून गाडीची चावी काढली. मग विचारलं, "लायसन्स?"

"मोबाईलमध्ये आहे साहेब, डिजिलॉकरला."

"मोबाईलमधलं नको. ओरिजिनल दाखवा."

"त्यावर क्यूआर कोड आहे. तुमच्या मशीनवर बघा ना."

"मॅडम, शिकवू नका. मिस्टरांना फोन लावा, कार्ड घेऊन यायला सांगा."

कार्ड घरी कपाटात होतं आणि ते तिथेच ठेवणं माझ्या हक्कात बसत होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 139 सांगतो की लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी ही कागदपत्रं छापील किंवा इलेक्ट्रॉनिक, कोणत्याही रूपात दाखवता येतात. ही दुरुस्ती 2018 च्या शेवटी झाली. 1 ऑक्टोबर 2020 पासून त्याच्याही पुढची गोष्ट लागू आहे: इलेक्ट्रॉनिक कागद तपासून खरा ठरला की छापील कागद मागायचाच नाही. डिजिलॉकर आणि एम-परिवहन ही दोन्ही सरकारचीच ॲप्स आहेत. गॅलरीत ठेवलेला कार्डाचा फोटो मात्र यात बसत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळ जण फोटो दाखवून वाद घालतात आणि तिथे पोलिसांचं म्हणणं बरोबर असतं.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण, आमच्या भागात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कायदेविषयक शिबिर झालं होतं. तिथल्या वकीलबाईंनी एक वाक्य सांगितलं होतं ते डोक्यात बसलं होतं: रस्त्यावर कायद्यावर भाषण करायचं नाही, फक्त कलम विचारायचं. मी तेच केलं. हवालदार म्हणाले, "काही ते इथंच बघा, नाहीतर विदाऊट लायसन्सची पाच हजारांची फाडतो." मी म्हटलं, "साहेब, जे कलम लागत असेल ते लावा, चलान करा. पण गाडी ताब्यात घेत असाल तर त्याची पोच द्या. घेत नसाल तर चावी द्या. डब्यात पेशंटचं रक्त आहे."

चावीबद्दल लोकांच्या मनात फार गोंधळ आहे. मोटार वाहन अधिनियमात पोलिसांनी चावी काढून घ्यावी असं कुठेही लिहिलेलं नाही. गाडी अडकवून ठेवायचा अधिकार कलम 207 मध्ये आहे, पण तो ठरावीक कारणांसाठी: नोंदणी नाही, लायसन्स नाही, परमिट नाही अशा गोष्टींसाठी. लायसन्स किंवा परमिट नसल्याचा संशय असेल तर गाडीऐवजी आरसी ठेवून घ्यायची सोयही त्याच कलमात आहे, आणि मग त्याची पोच द्यावीच लागते. लायसन्स जप्त केलं तर कलम 206 खाली पावती मिळते. ते लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पावतीवरच्या तारखेपर्यंत ती पावती दाखवून गाडी चालवता येते. थोडक्यात, पोलीस काहीही ठेवून घेणार असतील तर तुमच्या हातात कागद आला पाहिजे. चावी काढली की कागद द्यावा लागत नाही, माणूस मात्र जागच्या जागी अडकतो.

मी तिथे उभीच राहिले. मागे वळले नाही, आवाज चढवला नाही, चावीला हात घातला नाही. हे कठीण जातं, विशेषतः बाजूला गर्दी जमून कोणी "द्या ना काहीतरी ताई, कशाला वेळ घालवता" म्हणत असेल तेव्हा. पण झटापट झाली की सरकारी कामात अडथळा आणि बळाचा वापर हा वेगळाच गुन्हा अंगावर येतो आणि मूळ मुद्दा पार बुडतो. एक कॉलेजचा मुलगा मोबाईलवर व्हिडिओ घेत होता, त्याला हवालदारांनी दटावलं. सार्वजनिक रस्त्यावर, कामात अडथळा न आणता, चित्रीकरण करायला बंदी करणारा कायदा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर 2022 मध्ये असं म्हटलं आहे की पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढणं हासुद्धा शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा ठरत नाही. त्या मुलाने मोबाईल खाली घेतला, त्यात त्याचा दोष नाही.

पलीकडच्या बाजूने फौजदार आले. त्यांनी ऐकून घेतलं, डबा उघडून बघितला, आणि "चावी द्या त्यांची" म्हणाले. त्यांचा सूर चांगला होता. तोवर मशीनवर चलान झालेलं होतं. "आता ते माझ्या हातात नाही, ऑनलाइन तक्रार टाका." मी वेळ, चौकाचं नाव, हवालदारांच्या छातीवरच्या पाटीवरचं नाव आणि बक्कल नंबर तिथल्या तिथे मोबाईलमध्ये टिपून घेतला. गणवेशावर नावाची पाटी असते ती यासाठीच, त्यामुळे वाचून टिपायला संकोच करू नये.

लॅबमध्ये पोचले तोवर उशीर झालेलाच होता. किडनीच्या आजाराने त्रासलेल्या एका आजोबांचं पोटॅशियम संशयास्पद आलं आणि नमुना पुन्हा घ्यावा लागला. त्यांच्या हाताच्या शिरा आधीच टोचून टोचून कडक झालेल्या. त्यांना दुसऱ्यांदा सुई लावताना जो संताप आला तो चलानाच्या रकमेपेक्षा मोठा होता. नुसती रक्कम असती तर कदाचित मी भरूनही मोकळी झाले असते.

संध्याकाळी मेसेज आला. त्यातल्या लिंकवर न जाता मी महाट्रॅफिक ॲप उघडून गाडीचा नंबर टाकला. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फायली येतात, त्या उघडल्या की बँक खाती रिकामी होतात. चलानाच्या सरकारी साइटचा पत्ता जीओव्ही डॉट इन असा संपतो. ॲपवर माझं चलान दिसलं: कलम 3/181, रक्कम 5,000. सोबतचा फोटो माझ्या गाडीच्या मागच्या नंबरप्लेटचा, एवढाच. लायसन्स मागितलं, दाखवलं, नाकारलं, यातलं काहीही त्या नोंदीत नव्हतं.

तिथेच तक्रार नोंदवायची सोय असते. मी मराठीतच लिहिलं: माझ्याकडे वैध लायसन्स आहे, क्रमांक हा, मुदत ही, घटनेच्या वेळी डिजिलॉकरमध्ये दाखवलं, नियम 139 पाहावा, कलम 3/181 लागू होत नाही. सोबत डिजिलॉकरमधून उतरवलेली प्रत जोडली. त्याखेरीज छापील कार्डाची साक्षांकित प्रत नोंदणीकृत टपालाने वाहतूक शाखेला पाठवली. नियम 139 मध्येच असं आहे की कागद जवळ नसेल तर मागितल्यापासून 15 दिवसांत साक्षांकित उतारा टपालाने पाठवता येतो. माझा कागद माझ्याजवळ होता, पण पुढे कोणी "दाखवलाच नाही" म्हटलं तर टपालाची पावती असावी म्हणून हे केलं. हे काम स्वस्तात होतं आणि फार उपयोगी पडतं.

तक्रार फेटाळली गेली. कारण म्हणून एक ओळ होती, "चलान योग्य आहे". का योग्य आहे ते नव्हतं.

मग वाहतूक शाखेचं कार्यालय. तिथे अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एक आवक टेबलावर दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. तिथले कर्मचारी सौजन्याने बोलले, चहाही विचारला. पण सगळ्यांचं सांगणं एकच, "मॅडम, लोकअदालतीत येईल, तिथं मिटवून टाका." मिटवून टाका हा शब्द मला त्या वर्षात इतक्या जणांकडून ऐकायला मिळाला! ज्यांनी गुन्हा केलेला आहे त्यांच्यासाठी ते ठीक आहे. ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याच्या नावावर विनापरवाना गाडी चालवल्याची नोंद कायमची राहणं म्हणजे काय, हे कोणी विचारात घेत नव्हतं. मी दिवसभर गाडीवर असते. माझं काम त्या लायसन्सवर चालतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. चौकात, ॲपवर किंवा लोकअदालतीत आपण जी रक्कम भरतो ती कलम 200 खालची तडजोड असते. गुन्हा मान्य आहे, खटला नको, ही रक्कम घ्या, असा तो व्यवहार. अशी तडजोड करून घेण्याचा अधिकार राज्य सरकारने अधिसूचना काढून ज्यांना दिला त्यांनाच असतो, आणि ती स्वीकारायची की नाही हे आपल्या हातात असतं. नको म्हटलं तर प्रकरण न्यायालयात जातं. "कोर्टात पाठवा" म्हणणं म्हणजे उद्धटपणा अशी समजूत झाली आहे, ती चुकीची आहे. तो कायद्याने दिलेला मार्ग आहे.

लोकअदालतीचा मेसेज आला तेव्हा मी गेले. जिल्हा न्यायालयाच्या आवारात मांडव, टेबलांसमोर रांगा, बहुतेक रिक्षावाले, टेम्पोवाले, डिलिव्हरीची पोरं. प्रत्येकाच्या मोबाईलवर चलानांची यादी. पुष्कळांना आपल्यावर कोणतं कलम आहे हेही माहीत नव्हतं, फक्त आकडा माहीत होता. माझा नंबर आल्यावर मी पॅनेलसमोर म्हटलं, मला तडजोड मान्य नाही. मला वाटलं होतं रागावतील, पण पॅनेलवरचे न्यायाधीश म्हणाले की इथलं सगळं संमतीने चालतं, संमती नसेल तर नियमित न्यायालयात जाईल. लोकअदालतीत सही केली की विषय तिथेच संपतो, त्या निवाड्यावर अपील नसतं. म्हणून सही करण्याआधी कलम वाचावं. तिथे वाचायला वेळ देतात, पण तो आपण मागायला लागतो.

वकील कुठून आणायचा हा प्रश्न होता. पाच हजारांच्या चलानासाठी वकिलाची फी देणं कोणाला परवडेल? त्याच आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, मुलं यांनाही ती सोय आहे. एक साधा अर्ज आणि ओळखपत्र दिलं, पॅनेलवरच्या एक तरुण वकीलबाई मिळाल्या. त्यांनी पहिली सूचना केली ती फार मोलाची होती: आरटीओकडून लायसन्सचा अधिकृत उतारा काढा, ज्यात लायसन्स कधी दिलं, कोणत्या वर्गासाठी, कधीपर्यंत वैध, हे सारं शिक्क्यानिशी असतं. डिजिलॉकरवर कोणी शंका घेतली तरी त्या उताऱ्यावर घेणार नाही.

समन्स यायला महिने गेले. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहिल्यावर विचारलं जातं, गुन्हा कबूल आहे का. आधीच्या रांगेतले जवळपास सगळे "आहे" म्हणून दंड भरून निघून जात होते. मी "नाही" म्हटलं. मग तारखा पडल्या. एका तारखेला संबंधित कर्मचारी बंदोबस्ताला होते, एकदा न्यायाधीश रजेवर. या तारखांना माझा सकाळचा रोजगार बुडाला, लॅबने सांभाळून घेतलं म्हणून निभावलं. ज्यांना कोणी सांभाळून घेत नाही ते "कबूल" म्हणतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

अखेर ज्या दिवशी सुनावणी झाली त्या दिवशी ती थोडक्यात आटोपली. आरटीओचा उतारा, टपालाची पावती, तक्रारीची प्रत. वकीलबाईंनी हवालदारांना दोनच प्रश्न विचारले. लायसन्स क्रमांक तुमच्या मशीनवर टाकून तपासला होता का? नाही. कलम 130 ऐवजी 181 का लावलं? त्यांनी उत्तर दिलं की कार्ड नव्हतं म्हणून. न्यायाधीशांनी उतारा पाहिला आणि लायसन्स वैध असताना कलम 3 चा भंग होत नाही म्हणून मला निर्दोष सोडलं.

हवालदारांबद्दल माझ्या मनात कडवटपणा उरलेला नाही. ते कोर्टात त्याच चौकातल्या ड्युटीवरून थेट आले होते, गणवेश घामाने भिजलेला. त्यांना नियम 139 कोणी नीट शिकवला होता की नाही याची मला शंका आहे. आणि त्यांचेही हक्क आहेत, ते आपण मानले पाहिजेत. गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने लायसन्स मागितलं तर दाखवावंच लागतं, "तुमचा हुद्दा काय, फौजदाराला बोलवा" म्हणून टाळता येत नाही. थांबा म्हटल्यावर थांबावं लागतं. दारूचा संशय असेल तर कलम 203 खाली श्वासाची चाचणी द्यावी लागते, संशयाला आधार असताना नकार दिला तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा. सूर्यास्तानंतर बाईला अडवताच येत नाही, असं माझ्या मैत्रिणी ठामपणे सांगतात. तेही खरं नाही. रात्रीचं बंधन अटकेपुरतं आहे. कागद तपासायला रात्रीही थांबवता येतं.

निकालानंतरही ॲपवर चलान थकीतच दिसत होतं. याची कोणी कल्पना देत नाही. न्यायालयातून निकालाची प्रमाणित नक्कल काढायची, ती अर्जासोबत वाहतूक शाखेत द्यायची, पोच घ्यायची, मग ते नोंद काढतात. माझी निघाली, पण मागे लागल्यावर.

चावीचं तेवढं राहिलं होतं. त्यासाठी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. एकच प्रश्न: वाहन थांबवल्यावर चालकाच्या गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार कोणत्या कलमाने किंवा परिपत्रकाने दिला आहे, त्याची प्रत द्यावी. 30 दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं. अशी माहिती कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही. त्या उत्तराच्या झेरॉक्स मी लॅबमधल्या सगळ्या मुलामुलींना दिल्या आहेत. गाडीच्या डिकीत ठेवतात.